जुळलेली सही

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातली एक ओळ आधी खोडते. पेंटरकाका सवलत कार्डाचं नूतनीकरण करायला मुदतीत आलेच नाहीत, असं मी तुला लिहिलं होतं. ते आले होते. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा माझ्याच खिडकीवर, आणि तिन्ही वेळा मीच त्यांना परत पाठवलं.

तुझ्याकडेही तेच कार्ड आहे, तेव्हा तुला ठाऊकच आहे: मिळकत कमी असलेल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्यावर किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतात. त्यासाठी दरवर्षी नव्या अर्जावर सही लागते, आणि ती पहिल्या अर्जावरच्या सहीशी ताडून पाहणं हे माझं काम. काकांची पहिली सही तू बघायला हवी होतीस. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. शेवटच्या अक्षराखाली एका दमात ओढलेली रेघ, कुठे जाड, कुठे केसाएवढी. या वर्षीच्या अर्जावर मात्र शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना कंपवात होता. हात थरथरतो म्हणून गोळ्या, गोळ्यांसाठी कार्ड आणि कार्डासाठी न थरथरलेली सही. मला तेव्हा हे दिसलंच नाही. दिसत होत्या त्या फक्त दोन सह्या. मी कोरा अर्ज पुढे सरकवला आणि म्हटलं, पुन्हा काढा.

हे शब्द तुझेच. शाळेत घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अक्षरं शिकवलीस. वर तुझी ओळ, खाली माझी, आणि दोन्ही जुळेपर्यंत पुन्हा काढ. मी खोडून खोडून कागदाला भोक पाडायचे, म्हणून तू मला खोडरबर म्हणायला लागलीस.

दुसऱ्या खेपेला काकांचा हात जास्तच हलत होता. जुनं कार्ड बंद झालं होतं, नूतनीकरणाची मुदत तेवढी बाकी होती, आणि ते गोळ्या अर्ध्या करून पुरवत होते. मी अंगठ्याचं सुचवलं तर म्हणाले, पोरी, या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची नावं माझ्या हातची आहेत, आता अंगठा लावू होय? रांगेतली एक बाई म्हणाली, मग अर्जही रंगवूनच आणा की, काका. सगळे हसले, काकाही हसले. तिसऱ्या खेपेला कोणी हसलं नाही. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. तरी ती जुळली नाही.

आत्या, आजाराने सही बदलली असेल तर आम्ही समोर सही करून घ्यायची आणि खाली साक्षीदार म्हणून आपली सही करायची, असा नियम आहे. तो मला पाठ होता. पण उद्या काही निघालं तर कागदावर माझं नाव असेल, म्हणून मी गप्प बसले. नूतनीकरणाची मुदत संपल्यावर रजिस्टरात लिहिलं, अर्जदार मुदतीत हजर नाही. तीन आठवड्यांनी काका न्हाणीघराच्या दारात पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणातून ते उठलेच नाहीत.

परवा काकू कार्ड परत करायला आल्या. सही नापास झाल्याचं काकांनी घरी सांगितलंच नव्हतं, फिरायला जातो म्हणून निघायचे. काकूंच्या हातात आमच्याच कार्यालयाचं पत्र होतं: मुदतीत हजर न राहिल्याने कार्ड रद्द. म्हणाल्या, तारीख मीच विसरले गं, मुलगा म्हणतो, आई, एवढं एक काम होतं तुझ्याकडे. मी कार्ड घेतलं, पावती दिली आणि नुसती मान हलवली.

आता हे तुला का लिहितेय ते. गेल्या वर्षी लकव्याने तुझा उजवा हात गेला तेव्हा तू म्हणालीस, तुझं माझं अक्षर एकच, अर्जावरची माझी सही तूच काढ. मी काढली. पहिल्या फटक्यात जुळली, तुमच्या गावच्या खिडकीवर कोणी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. काकांची खरी सही मी तीनदा परत केली आणि माझी खोटी सही वर्षभर चालतेय. साहेबांना कबुलीजबाब लिहून द्यायचा तर दोन्ही लिहावं लागेल. माझी नोकरी बहुतेक जाईल, तुझं कार्डही थांबेल. म्हणून सोबत महिन्याच्या गोळ्या पाठवतेय, पूर्ण किमतीला घेतलेल्या. कार्ड वापरू नकोस आणि गोळ्या अर्ध्या करू नकोस. शेजारच्या वहिनींना घेऊन जा, डाव्या हाताचा अंगठा लाव, नवा अर्ज भर. मला थांबवायला फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोडायला बसेन. आधी काकूंच्या घरी जाणार आहे, मग तिथूनच साहेबांकडे. येत्या गुरुवारी, बारा तारखेला.

तुझीच,
खोडरबर