लोकलवर ठेवलेला स्विच

मी, उखा धुडकू बोरसे, वय चौसष्ट, वीज कंपनीचा निवृत्त ऑपरेटर, मूळ तालुका अमळनेर, हल्ली राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीवर आहे आणि कोणी दटावून लिहवून घेतलेले नाही. खरे तर लिहायचाही कंटाळा आला आहे.

१. भेस्तानचे रो-हाउस पत्नी सरलाबाई हिच्याकडे ती असेपर्यंत राहील. तिच्यामागे मुलगा ललित व मुलगी योगिता यांना निम्मे-निम्मे. ललितने छतावर सोलर बसवले, बिल शून्यावर आणले, हे मान्य. ते शून्य तो दर खेपेला मला मोठ्याने वाचून दाखवतो, ते आवडत नाही.

२. बँकेतील ठेव सरलाबाईची. तिने ती मुलांना न विचारता खर्चावी.

३. मल्टिमीटर, पाने, पक्कड ललितला. रबरी हातमोजे त्याला देऊ नयेत. होळीला रंग कालवायला त्याने ते नेले होते.

४. शेजारी मारुती याच्याकडची लोखंडी शिडी माझी आहे. त्याला माफी नाही, पण कोणी मागायलाही जाऊ नये. वाद घालायचे त्राण आता घरात कोणाला नाही.

५. हे कलम माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.

चौतीस वर्षे मी कडोदऱ्याकडच्या सबस्टेशनात नोकरी केली. शेवटच्या दोन वर्षांत तिथले स्विच दूरच्या कंट्रोल रूममधून चालवायची व्यवस्था आली. सोलरची वीज ढगाबरोबर कमी-जास्त होते, दर वेळी यार्डात धावायला माणूस पुरणार नाही, असे साहेबांनी समजावले. ते बरोबर होते. मला तेव्हाही कळत होते. पण कंट्रोल रूममध्ये कंत्राटावर लागली होती माझीच योगिता. घरी जेवताना ती हसून म्हणाली, “बापू, आते तुमना स्विच मी फिरावसू.” सगळे हसले. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

प्रत्येक यंत्राला एक छोटा स्विच असतो. तो ‘रिमोट’वर असला तर दुरून हुकूम चालतो, ‘लोकल’वर असला तर फक्त जागेवरच्या माणसाचा. यार्डात माणसे काम करत असली की तो लोकलवर ठेवायचा आणि ती बाहेर पडली की परत फिरवायचा, हा नियम.

२०१९ ची दिवाळी. कापडाचे लूम बंद, कारखाने बंद, वर कडक ऊन. वीज भरपूर आणि घेणारे कोणी नाही, म्हणून व्होल्टेज चढू लागले. अशा वेळी व्होल्टेज उचलून धरणारी कपॅसिटर बँक लगेच बंद करावी लागते. त्या दिवशी यार्डात गवत कापणारे आले होते, म्हणून तिचा स्विच मी लोकलवर ठेवला होता. ते अकराला गेले. स्विच मी परत फिरवला नाही. विसरलो नव्हतो. फिरवला नाही. माझ्याशिवाय चालत नाही हे एकदा त्यांना दिसू दे, असे मनात होते. मग मी फाटकावर चहाला गेलो. आत फोन वाजत राहिला.

कपॅसिटर बँक चालूच राहिली आणि दीडशे घरांतले फ्रिज, टीव्ही जळाले. चौकशीत योगिताने हुकूम सोडल्याची नोंदच सापडली नाही. ती म्हणाली, “मी गोंधळले.” तिचे कंत्राट संपवले, तिच्या कागदावर शेरा मारला. परत आल्यावर स्विच मी गुपचूप रिमोटवर केला होता. मी तोंड उघडले नाही. दोन महिन्यांनी शाल-नारळ घेऊन निवृत्त झालो. योगिता आता धुळ्याला डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. कंट्रोल रूमच्या कामाचे तिला वेड होते. ते मी घालवले. तिच्या नावावरचा शेरा पुसला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

६. वरचा मजकूर साक्षीसाठी आलेल्या श्रीरंग गुट्टे यांनी वाचला. माझ्याबरोबर ते वीस वर्षे ऑपरेटर होते. म्हणाले, “उखाप्पा, फोन हाय की खिशात. मेल्यावर कशाला सांगायलाव?”

म्हणून आज दुपारी फोन केला. सगळे सांगितले.  योगिता म्हणाली, “बापू, माले तवयच माहीत व्हतं. स्विच लोकलवर शे हाई पडदावर दिखस. म्हनीसन मी हुकूम सोडा नही, तुमले फोन लावत बसनू.”

पडद्यावरची ती खूण नोंदीत राहत नव्हती. तिने सांगितले असते तरच कळले असते.

“मंग सांगं का नही?”

“तुमले दोन महिना बाकी व्हतात, बापू.”

सहा वर्षे दर रविवारी ही पोर मला फोन करून गोळ्या घेतल्या का विचारत आली. एकदाही तिच्या आवाजात काही आले नाही.

कंपनीला कबुलीचा अर्ज करतो म्हटले तर ती नको म्हणाली, पेन्शनला धक्का लागेल, आईचे काय. सरलाबाई शेजारीच बसली होती. तिने हे सारे आजच ऐकले. माझ्याकडे न बघता म्हणाली, “धाडी द्या.”

सबब कलम ५ मधील ‘मृत्यूनंतरच’ ही अट रद्द. त्या कलमाची सहीची प्रत आज स्पीड पोस्टाने कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेली आहे. पावती सरलाबाईकडे आहे. तिने मला अजून चहा दिलेला नाही.

सही : उखा धुडकू बोरसे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली :
१. श्रीरंग गुट्टे, निवृत्त ऑपरेटर
२. छाया महाजन, शेजारीण

भेस्तान, सुरत
१७ नोव्हेंबर २०२५