हळदीनंतरचं पत्र

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
मांजरसुंबा, ता. १२ एप्रिल १९९७

ती. शिवकन्याअक्कास, राजेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

बाळंतपण सुखरूप झालं, लई आनंद. भाची तुझ्यासारखी नकटी न्हाई ना?

आता लिहितो ते फक्त तुला, नर्स म्हणून. महिन्याच्या सुरुवातीला सुग्रीव ड्रायव्हरसंगं माल घेऊन गेलतो. वाटेत तो एका बाईकडं गेला, मीबी गेलो. मग एड्सच्या धाकानं घास गिळंना. आठव्या दिवशी बीडला रक्त तपासलं. कागद स्वच्छ आला! कपिलधारला नारळ फोडला.

चोवीसला लग्न. ईश्वरी सातवी शिकलीय, लई हसरी हाय. आशीर्वाद धाड, पण हळदीच्या आत. नंतर आलेल्या पत्रात सुतकाची बातमी असली तर, म्हणून अप्पा ते सोळा दिवस फोडू देत न्हाईत, ठाऊकच हाय तुला.

भाचीला मामाचा पापा.
तुझा राजेश्वर

सोलापूर, ता. १९ एप्रिल

चि. राजेश्वरास अनेक आशीर्वाद.

अरे मूर्खा, आठव्या दिवसाचा कागद कसला स्वच्छ? एच.आय.व्ही. रक्तात शिरला तरी तपासणीत दिसायला कित्येक आठवडे लागतात, कधी तीन महिने. तोवर कागद स्वच्छच येतो, आणि तोवरही रोग दुसऱ्याला लागतो. तुला काही झालं नसेलही. पण जुलैत पुन्हा तपास, तोवर लग्न थांबव. अक्का अत्यवस्थ आहे म्हण. अप्पा शिव्या देतील मला, देऊ देत. त्या पोरीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

दोन दिवस लिहायला हात धजला नाही. तार केली असती, पण ती गावभर वाचतील.

जीव टांगणीला लागलाय, लगेच लिही.
तुझी अक्का

मांजरसुंबा, ता. १६ मे

ती. अक्कास, नमस्कार.

तुझं पत्र हळदीदिवशी दुपारी आलं. मला सकाळीच हळद लागलेली. अक्काचा आशीर्वाद आला म्हणून अप्पांनी ते कुंकू लावून देवघरात ठेवलं. सोळा दिवस मी नि ईश्वरी जोडीनं त्याच्या पाया पडलो.

दहा तारखेला फोडलं. तसाच बीडला पळालो. दोनदा तपासलं त्यांनी. हाय, अक्का. मला हाय.

ईश्वरीला रोगाचं सांगितलं. रडली न्हाई, भांडली न्हाई. नुसती माझ्यासंगं रक्त द्यायला आली. काल तिचा कागद आला. स्वच्छ! तिनं तो तुझ्या पत्राच्या जागी ठेवला, कुंकू लावलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

लग्नाला आज बावीसच दिवस झालेत. तुझं पत्र मी पेटीत लपवलंय. तिला वाचता येतं, अक्का.

माझ्यावर लोभ नसला तरी चालंल, तिच्यावर असू दे.
राजेश्वर