आर-ई म्हणजे पुन्हा

तीर्थस्वरूप भावोजींना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम (माझी सोडून, मला सोमवारपासून घास गिळवत नाही). खरं तर फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन ताई उचलते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाण्यापेक्षा पत्र लिहिलेलं बरं.

भावोजी, मी नोकरी सोडली. म्हणजे मला सोडायची नव्हती, सोडतोय याचा पत्ताही नव्हता. पण ज्या बाटल्यांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअरकीपर होतो तिथे आता मी कोणी नाही, आणि हे मी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, इंग्रजीतून घडवून आणलं.

नव्या साहेबांनी आम्हा जुन्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाई येतात आणि सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या चाळीस शब्दांची यादी अर्थांसकट देतात. आर-ईची यादी हातात पडली तेव्हा घाबरून मी तुम्हाला फोन केला होता. तुमचं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेलं. तुम्ही म्हणालात, पाठ कशाला करतोस, आर-ई म्हणजे पुन्हा. पुढचा शब्द ओळखायचा की झालं. (तुम्ही ‘बहुतेक वेळा’ असंही म्हणाला होतात, असं ताईनं नंतर हिला सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. मागे बाटल्या धुण्याचं यंत्र चालू होतं.) रीओपन, पुन्हा उघडणे. रीप्रिंट, पुन्हा छापणे. रिपेअर म्हणजे दुरुस्ती हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्यातली गोम आता कळली: पेअर म्हणजे जोडी, सुटलेली जोडी पुन्हा जुळवली की दुरुस्ती. मी थक्कच झालो. यादीची घडी करून खिशात टाकली ती पुढे उलगडलीच नाही, आणि तरी तोंडी परीक्षेत मी पहिला आलो (बाईंनी विचारले ते तिन्ही शब्द नेमके नियमातले निघाले).

आता सहीचं सांगतो. गोदामातून माल बाहेर सोडायचा तर पासावर माझी सही लागते, आणि ती ऑफिसातल्या कार्डावरच्या नमुन्याशी जुळावी लागते. नवीन कार्ड भरताना माझं पेन गळलं, सहीच्या जागी शाईचा डाग पसरला आणि दोन ट्रक फाटकात अडकून पडले. हेडक्लार्क म्हणाले, पुन्हा सही करायला मिळावी म्हणून साहेबांना अर्ज द्या. वर्गात पहिला आलेला माणूस मराठीत अर्ज देईल का? साइन म्हणजे सही. मग पुन्हा सही म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा. (रिझाइन हा शब्द कधीतरी कानावरून गेला होता, नाही असं नाही, पण त्यात ‘झ’ आहे, मी लिहिला त्यात स्वच्छ ‘एस’ होता.) मी लिहिलं, साहेब, मला आजच रीसाइन करायचं आहे, पहिल्या वेळी माझ्या हातून मोठी चूक झाली, कृपया परवानगी द्यावी.

संध्याकाळी उत्तर आलं. तीन वाक्यं, तिन्हींत आर-ई. पहिल्यात रिग्रेट, म्हणजे आम्ही पुन्हा ग्रेट. दुसऱ्यात, शनिवारपासून तुम्ही रिलीव्ह्ड, म्हणजे पुन्हा जगा. तिसऱ्यात, लवकरच तुम्हाला रिप्लेस करू, म्हणजे पुन्हा जागेवर बसवू. ग्रेटमध्ये एक अक्षर कमी होतं आणि लिव्हमध्ये एक जास्त, पण एकूण अक्षरं तेवढीच भरत होती, म्हणून मी टायपिस्टला माफ केलं. पत्र गोदामभर सगळ्यांना दाखवत फिरलो.

शनिवारी चहा, केक, भाषणं आणि मला भिंतीवरचं घड्याळ. मला वाटलं, परीक्षेत पहिला आलो म्हणून. पॅकिंगच्या बाई ढसाढसा रडल्या. त्या दोनदा नापास झाल्यात, तेव्हा मीच त्यांची समजूत घातली. मग उठून मी चार शब्द बोललो, साहेबांनी पुन्हा जगायला सांगितलं त्याबद्दल आभार मानले आणि सोमवारी भेटूच म्हणालो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझं ओळखपत्र मागून घेतलं. पलीकडे गोदामाचं शटर उघडं होतं आणि माझ्या खुर्चीत दुसराच माणूस बसला होता. मी आवाज चढवला, तेव्हा पहारेकऱ्यानं खिशातून ती यादी काढली. हा वर्गातला सगळ्यात ढ. याला नियमबियम कळत नाहीत, म्हणून यानं चाळीसच्या चाळीस शब्द घोकले होते. त्याचं बोट तेविसाव्या शब्दावर थांबलं: राजीनामा देणे. साहेबांच्या पत्रातल्या तिन्ही शब्दांचे अर्थ मी तिथेच कठड्यावर बसून वाचले. भावोजी, कोणती बाटली कोणत्या फळीवर आहे हे मी डोळे मिटून सांगतो, पण त्या फाटकाबाहेर मला दुसरं काहीच येत नाही. धाकटीचं शिक्षण अजून दोन वर्षं बाकी आहे. मला फार भीती वाटते.

तुमच्यावर माझा राग नाही (थोडा आहे). ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. राजीनामा मागे घेण्याचा एक अर्ज इंग्रजीत लिहून उलट टपाली पाठवा. आर-ईनं सुरू होणारा एकही शब्द त्यात नको.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट शोधत होतो, तेवढ्यात ही घरात आली. मला न सांगता कारखान्यात गेली होती. साहेबांना साध्या मराठीत म्हणाली, अहो, यांना नुसती सही करायची होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. एकवीस वर्षं काम केलेला माणूस नोकरीला लागलो हीच मोठी चूक म्हणतो, तेव्हा आपलंच काय चुकलं, या विचारानं त्यांनाही म्हणे झोप नव्हती. मला उद्या आठला कामावर बोलावलंय. हे ऐकून मी लहान मुलासारखा रडलो.

ता. क. तिसरा. अर्ज तरीही पाठवाच. माझं इंग्रजी वाचून साहेब विरघळले असं मी कारखान्यात सांगणार आहे, आणि तो पहारेकरी कागद बघायला मागितल्याशिवाय राहायचा नाही. फक्त दोन-तीन ठळक चुका आठवणीनं घाला, नाहीतर अर्ज मी लिहिलाय यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.