उपाशी पट्टा

बोगोर,
२७ डिसेंबर १९९९

तुमिराह ताईस,
धाकट्या वार्सितोचा सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. रोजे चालू आहेत. पाऊस इथे रोजचाच, त्यात नवं काही नाही.

गेल्या आठवड्यात मी निवृत्त झालो. समारंभात संचालकांनी माझ्या जिवाणू खताचं पाकीट उंच धरून दाखवलं. म्हणाले, एका शेताला पुरेल एवढं हे खत चहाच्या दोन पेल्यांच्या खर्चात तयार होतं. मी खुर्चीत बसून दुसराच हिशेब केला: माझी अकरा वर्षं, तुझ्या शेताचा एक पट्टा तीन हंगाम, आणि तुझ्या घरच्या हुकलेल्या सहा ईद. हे काही पाकिटावर छापत नाहीत.

मग मला बोलायला उभं केलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "मी सोडलेला जिवाणू वाट चुकत नाही. थेट सोयाबीनच्या मुळाशी जातो, गाठ बांधतो आणि हवेतला नत्र झाडाला भरवतो." टाळ्या पडल्या. एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अजून खोक्यातच आहे, कारण महिनाअखेर ही सरकारी खोली सोडायची आहे. खिळा कशाला ठोकायचा?

रोजा सोडायला संध्याकाळी मी आणि रेडिओ. कधी एन्चेप, आमचा पहारेकरी, खिडकीतून डोकावतो. काल म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कोट्यवधी जीव पाळलेत म्हणता, मग ताटावर एकटेच कसे?" मी हसलो. तो गेल्यावर भात तसाच झाकून ठेवला.

ताई, ईदला यावं म्हणतो. तुझ्यापुढे गुडघे टेकून माफी मागावी, तू डोक्यावर हात ठेवावास, झालं. आपल्याकडे किती सोय आहे बघ. त्या दिवशी सगळे सगळ्यांची माफी मागतात आणि गुन्ह्याचं नाव कुणी विचारत नाही. मी त्या गर्दीत सहज लपून गेलो असतो. म्हणूनच आधी हे लिहितो आहे.

तुला वाटत असेल, सहा वर्षांपूर्वी मी आरडाओरडा केला त्याची मला लाज वाटते. वाटतेच. सकाळी सकाळी तुझ्या ओसरीवर, शेजारपाजारच्या देखत. तू केळीच्या पानात तेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या बांधत होतीस. याच वड्या बाजारात विकून तू मला शिकवलंस, आणि मी मात्र जगाला सांगत आलो की मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो.

आदल्या संध्याकाळी तुझ्या शेजारच्या पैजानने चहाच्या टपरीवर मला सांगितलं होतं. तुझ्या शेतात माझे दोन पट्टे होते. एकाच्या बियाण्याला माझं खत, दुसऱ्याला काहीच नाही. दोन्हींच्या पिकात पडेल तो फरक, तीच माझ्या जिवाणूची कमाई. पण तिन्ही हंगाम फरक पडलाच नाही. पैजान हसत म्हणाला, "पडेल कसा? तुझी बहीण दर पेरणीला जुन्या शेतातली टोपलीभर माती आणून त्या दुसऱ्या पट्ट्यात टाकते. म्हणते, एकाच बांधावर एक जेवतोय आणि एक उपाशी, हे मला बघवत नाही."

आई टाकायची तशीच माती. चांगल्या सोयाबीनच्या शेतातली, मुळांचे जिवाणू पोटात घेतलेली. आणि मी दरवेळी विचारलं, पट्टा तसाच ठेवलास ना, तर तू दरवेळी हो म्हणालीस. भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून.

मी तुला खोटारडी म्हणालो. सगळ्यांसमोर. तू मान वर केली नाहीस. पानाची गाठ मारलीस आणि म्हणालीस, "आपण दमला असाल. चहा ठेवते."

मला तू ‘आपण’ म्हणालीस. मी चहा न घेता निघालो. बोगोरला येऊन अहवालात लिहिलं, शेतकऱ्याच्या चुकीमुळे प्रयोग बिघडला. वरच्यांना पटलं. मुदत वाढवून मिळाली, पुढे ते पाकीटही निघालं.

मी ईदला यावं का, याचं तुझं उत्तर हो असेल तर पैजानकडून फोनच्या दुकानात निरोप ठेव. पण उत्तर ठरवण्याआधी एवढं वाच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी सोडलेल्या जिवाणूला प्रयोगशाळेत ओळखीची खूण केलेली होती. एका औषधात इतर जिवाणू मरतात, माझा तेवढा जगतो. तुझ्या शेतातल्या माझ्या पट्ट्यातून, खत लावलेल्या पट्ट्यातून, साठ झाडांच्या गाठी मी आणल्या होत्या. प्रत्येक झाडाची गाठ ठेचून त्या औषधाच्या बशीत पसरली. माझा जिवाणू त्या मुळांत असता तर बशीत उगवला असता. निकाल हाती आला तो तुझ्या दारात ओरडलो त्याच्या आठ दिवस आधी. कागद त्या सकाळी माझ्या पिशवीतच होता.

तुझी माती पडली नसती तरी माझं काही खरं नव्हतं, ताई. मला दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं, आणि पैजानने तुझं नाव आयतं हातात दिलं.

साठ बश्या होत्या. साठही कोऱ्या. त्यानंतर मी कुठल्याच शेतात तपासून पाहिलं नाही.

दारात येऊ का, विचारणारा,
वार्सितो