तळाचा त्रिकोण

सोमवार, ३ मार्च

प्रबंधाचं प्रकरण परत आलं! बारा पानं, आणि अकराव्या पानावर सरांच्या लाल पेनने एकच शेरा — ‘तीन कडा दिसल्या म्हणून त्रिकोण आहे, हे कोणी सांगितलं?’

पंधरा वर्षं मी पोरांना हेच शिकवते. सिम्प्लेक्स म्हणजे त्या त्या मितीतला सगळ्यात साधा आकार. एक बिंदू. दोन बिंदू आणि मधली रेघ. तीन बिंदू आणि भरलेला त्रिकोण. चार बिंदू असले तर भरीव चतुष्फलक, चार त्रिकोणी बाजूंचा ठोकळा. ‘भरलेला, भरलेला’ म्हणून घसा कोरडा करते — नुसत्या तीन कडा म्हणजे चौकट, आत भोक! आणि स्वतः लिहिताना कडा बघितल्या, त्रिकोण धरून मोकळी झाले. लाज वाटली. त्याहून जास्त कंटाळा आला.

आई अजून हॉस्पिटलात. तपासण्या संपता संपत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

दादाचा फोन — ताईची तक्रार. ताईचा फोन — दादाची तक्रार. मी धाकटी, म्हणून दोन्ही ऐकायच्या. बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, यावरून वाजलं त्याला सहा वर्षं झाली. दोघं दोघं बोलतो आम्ही, वाढदिवसाला फोनसुद्धा करतो. पण तिघं एका खोलीत नाही. आईकडे जातानाही वेळा वाटून घेतलेल्या. ती मात्र एकीचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसरीला सांगत बसते. दमत कशी नाही ही बाई!

बुधवार, ५ मार्च

कॉलेजातून थेट आईकडे. हातात वर्गात दाखवायचं स्ट्रॉचं चतुष्फलक. वरच्या टोकाला टेकणाऱ्या तिन्ही बाजूंना कागद चिकटवलाय, तळाला पुरला नाही. आईने ते उलटंपालटं केलं, खालून हात घातला.

“खालून उघडंच आहे की गं!”

“चालतं. भोक म्हणत नाहीत त्याला.” तिच्या औषधांच्या पुडीचं रबरबँड काढलं, तळाच्या कडांभोवती घातलं आणि कागदावरून वर सरकवलं. टोकाशी आलं आणि सुटलं. “भोक असतं तर असं निसटलं नसतं. टोक आहे म्हणून सगळं सांभाळलं जातं.”

“आणि हे टोकच काढलं तर?”

“मग त्याला टेकलेले कागदही जातात. खाली नुसती चौकट उरते.”

“तळाला कागद लावला असता तर?”

“तर त्रिकोण उरला असता. टोक गेलं तरी.”

“मग लाव की! एवढा काय कंजूषपणा कागदाचा?” असं म्हणून कूस बदलली. रिपोर्ट अजून यायचाय म्हणाली.

गुरुवार, ६ मार्च

आईला उद्या दहाला घरी सोडणार. “तू कॉलेज बुडवू नकोस, दादा येतोय,” आई म्हणाली. बरं झालं. पाठ मोडलीय.

शुक्रवार, ७ मार्च

एक वाजता, तास चालू असताना वॉर्डातल्या नर्सबाईंचा फोन. “अहो, आजी दहापासून खाली बाकावर बसल्यात. कुणीच आलेलं नाही!”

धावत गेले. दारात दादा, मागोमाग रिक्षातून ताई. आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, चपला नीट जुळवून.

“ताई येणार होती ना?” — दादा.

“मी? ही येणार होती!” — ताई माझ्याकडे बोट दाखवून.

“अरे, मला तर दादाचं सांगितलं!”

तिथेच जुंपली. बाबांचं आजारपण निघालं, सगळं निघालं. बाकावरची माणसं बघायला लागली. आई हळूच म्हणाली, “माझाच घोटाळा झाला रे. डोकं चालत नाही हल्ली. घरी चला, मला भूक लागलीय.”

तिला एकटीला तीन तास बसवलं आम्ही! शरमेने भांडण तिथेच थांबलं. घरी ताईने भात लावला, दादाने पलंग उन्हाकडे सरकवला. पाच वाजेपर्यंत बसलो. भांडलोही, पण एकमेकांच्या तोंडावर. बाबांना दाढी करून देताना दादाने त्यांची अर्धी मिशी उडवली होती, ते आठवून ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी अभ्रे बदलत होते आणि मला रडू येत होतं.

शनिवार, ८ मार्च

अकरावं पान दुरुस्त केलं. कडा असल्या तरी त्रिकोण वेगळा घालावा लागतो, आपोआप येत नाही. एक ओळ लिहायला दोन तास लागले.

सोमवार, १० मार्च

रिपोर्ट आणायला गेले. नर्सबाई गोंधळल्या. “तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? बुधवारी सकाळीच डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं. चार महिने, फार तर सहा.”

मी शुक्रवारचं विचारलं.

“त्यांनीच बजावलं होतं. एक वाजेपर्यंत कुणाला कळवू नका, मग तिघांनाही लागोपाठ फोन करा.”

जिन्यातच बसले. दादाला फोन लावला, आणि काही बोलायच्या आधी ताईला जोडून घेतलं.