फोटोतल्या आजीला विचारून सांगते

आई, आज मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला अजून तूच सापडतेस. कारण सांगते. आठवडाभर हॉस्पिटलच्या फार्मसीत मान मोडून काम केलं की शनिवारी सकाळी मी लेस्टरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग घेते. सहा-सात वर्षांची पोरं. घरी आईबाप मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देतात. त्यांना शब्द शिकवायचे, एवढंच माझं काम. एवढंच! तू जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलास, तुला हसू येईल. माझ्याकडे रंगीत चित्रांची कार्डं आहेत. कार्ड वर धरलं की सगळी एका सुरात ओरडतात, चमचा, वाटी, हत्ती. कार्ड खाली ठेवलं की शब्दही गेला. मागे एका मुलाचे वडील दारातच गाठून म्हणाले, "ताई, वर्ड्स तर सगळे येतात त्याला, मी क्विझ घेतली. मग आजीशी व्हिडिओ कॉलवर नुसतं हाय करून पळतो कसा?" हत्ती आणि वाटी एवढ्या भांडवलावर कुणी आजीशी काय बोलावं?

मग मला तू आठवलीस. पहिलीच्या वर्गात तू ओल्या शेंगांनी भरलेलं सूप मधोमध ठेवतेस आणि खुर्चीत गप्प बसून राहतेस. पोरं शेंगा फोडतात, खातात, सांडतात. मग कुणीतरी येतंच, "बाई, हे काय?" तू सांगतेस, "टरफल." एकदाच. पुन्हा विचारलं तरच पुन्हा. मागितल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, हा तुझा हट्ट. आणि तो शाळेतच ठेवला असतास तर गोष्ट वेगळी, तू तो घरीही चालवलास. दुधाच्या पातेल्याची खरवड मला हवी असायची, शब्द येत नसायचा. "आई, ते दे ना." "ते म्हणजे काय?" मी पाय आपटले, रडले, पण विचारलं नाही. मीही तुझीच मुलगी. शेवटी नाक पुसत विचारलं, "त्याला काय म्हणतात?" तोवर पातेलं घासायला गेलं होतं. एवढं ताणायची काय गरज होती गं?

तरी तुझंच करून बघायचं ठरवलं आणि मे महिन्यात पिशवीभर शेंगा घेऊन हॉलवर गेले. वर्ग चालवणारे काका दारातच आडवे आले. "अगं, नट्स अलाउड नाहीत गं इथे. एखाद्याला ॲलर्जी निघाली तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल!" त्यांचंही बरोबर होतं, म्हणून तर जास्त संताप आला. शेंगा तशाच घरी आणल्या.

त्यात घरचंच माणूस फितूर. माझी लेक याच वर्गात बसायची, म्हणजे खुर्चीवर असायची. "आई, धिस इज सो बोरिंग. मला स्विमिंगला जायचा आहे." पोहण्याची आणि वर्गाची वेळ एकच. हाफ टर्मपर्यंत, म्हणजे सत्रामधल्या सुट्टीपर्यंत वर्गाला ये, मग तू ठरव, असं मी कबूल करून बसले होते. घरात मराठी बोलायला मला तीच एक आहे. ती सुटली तर आपली भाषा माझ्याबरोबरच संपली, या धास्तीने मी तिच्यासमोर कार्डं नाचवत होते. आज हाफ टर्मनंतरचा पहिला शनिवार. सकाळी टॉवेल काखेत मारून ती शेजारणीच्या गाडीत बसली आणि मला हात करून गेली.

मी वर्गावर गेले. शेंगदाणे चालत नाहीत ना, मग बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून मटारच्या शेंगा आणल्या होत्या. त्या ओतल्या आणि तुझ्यासारखी गप्प बसले. एक म्हणाला, "व्हेअर आर द कार्ड्स?" दोघांनी दाण्यांची मारामारी सुरू केली. मला राहवेना, मीच सुटले, ही शेंग, हा दाणा, हे साल, हा कोवळा, तो जून. कुणी ऐकलं नाही. तुझ्याइतकं गप्प बसणं मला या जन्मात जमायचं नाही.

दुपारी घरी येऊन उरलेले मटार सोलत बसले. लेक ओल्या केसांनी परत आली, मी एक शब्द बोलले नाही. तुझी पद्धत वगैरे काही नव्हती, निव्वळ राग होता. ती समोर बसली. एक शेंग सोलली, मग दुसरी. तिसरी सोलताना थांबली. मग तिने एक उघडी शेंग माझ्या नाकासमोर धरली. "आई, मटार इकडे चिकटली आहे ना, हा छोटा छोटा थ्रेड... ह्याला काय म्हणतात?"

आई, तिने आपणहून विचारलेला हा पहिला शब्द. आणि मला तो येत नव्हता! देठ म्हणावं तर देठ शेंगेचा. शीर म्हणावी तर ती कडेची. मला इतका आनंद झाला होता आणि इतकी चीड आली होती की तोंडातून आपोआप निघून गेलं, "आजीला विचारून सांगते." इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी प्रत्येक गोष्ट फोन करून तुलाच विचारायची, ती सवय.

"कुठल्या आजीला? फोटोतल्या?"

"हो," मी म्हटलं.

"ओके." ती उठली आणि ती उघडी शेंग तिने तुझ्या फोटोपुढे नेऊन ठेवली, तुला नीट दिसेल अशी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा पोहायलाच जाणार, तेही कळतं. पण जेवताना तिने परत विचारलं, "आजीनी सांगितला का?" मी म्हटलं, अजून नाही. तिला हे नाही सांगितलं की तुझ्याशेजारी बसून मी टोपल्याच्या टोपल्या मटार सोलले आणि याला काय म्हणतात, हे तुला कधी विचारलंच नाही. आणि तू न विचारता सांगणारी नव्हतीस.