फक्त प्लेट बदला

१ तारीख, रविवार
आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.
गाडी चढावर आवाज करते, पण पुढे सरकत नाही. पाण्याच्या टाकीच्या चढावर इंजिन बोंबलत होतं आणि शेजारून एक सायकलवाला आरामात निघून गेला. वर वळूनही बघितलं त्याने. मी काच पुसत असल्यासारखं केलं. जळका वास येत होता. कोणीतरी कचरा जाळत असणार.
एकवीस तारखेला मुलीला तिच्या नोकरीच्या गावी सोडायचं आहे. सहा तासांचा रस्ता, मध्ये घाट. मीच सोडणार, हे ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आणि ती नको म्हणाली नाही. गेले दोन महिने ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. त्या मानाने ही प्रगतीच.

३ तारीख, मंगळवार
काल लिहायचं राहिलं. दुकानात गर्दी.
नोंद असावी म्हणून लिहितो. हॉस्पिटलच्या लॅबमधून नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी मुलीला एवढंच म्हणालो होतो, की महिनाभरात रडत परत येशील आणि मग मुकाट्याने आपल्या दुकानात बसशील. यात वाईट काय आहे? परत ये, असाच त्याचा अर्थ. पण समोर पाहुणे बसले होते आणि माझा आवाज मूळचाच मोठा.
ही म्हणते, माफी मागा. माफी नाही. खुलासा. तो गाडीत करीन. मागची सीट सामानाने भरणार, त्यामुळे ही येणार नाही. सहा तास आम्ही दोघंच. गाडीत बोलणं सोपं, दोघांनीही समोरच बघायचं असतं. चार मुद्दे काढून ठेवलेत. घाट लागला की सुरू.

४ तारीख, बुधवार
गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाला, तिसरा गिअर टाका, हँडब्रेक ओढा आणि क्लच सोडा. सोडला. इंजिन काही बंद पडलं नाही. मी म्हणालो, बघा, एकोणीस वर्षांची गाडी आहे, पण दम बघा! तो म्हणाला, शेठ, बंद पडायला हवं होतं. बंद पडलं नाही म्हणजे क्लच पकडतच नाही, प्लेट झिजून संपली.
मग वाकून माझ्या पायाकडे बघत विचारतो, गाडी चालवताना डावा पाय कायम क्लचवर ठेवता का? मी म्हणालो, ठेवत नाही, टेकवतो. त्यावर त्याला उगाचच हसू आलं.
तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. सायकलला पेटी बांधून दारोदार फिरलो, आज स्वतःचं दुकान आहे, हाताखाली तीन माणसं आहेत. बायका येतात, मशीन बिघडलं म्हणून सांगतात, आणि दोष निघतो त्यांच्या पायात. तो मी लांबून नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण ती मशीन्स पायाने चालतात. गाडी पेट्रोलवर चालते. फरक आहे.

५ तारीख, गुरुवार
मिस्त्रीचं म्हणणं असं: क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि खरी मजुरी त्याचीच. म्हणून एकदा उघडलंच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, तिन्ही एकदमच बदला. नाहीतर आज एक गेलं, उद्या दुसरं जाईल, आणि तीच मजुरी पुन्हा द्याल.
एकदा उघडलंच आहे तर! हे वाक्य मी स्वतः रोज गिऱ्हाइकाला ऐकवतो. मशीन उघडलंच आहे तर पट्टा बदलून घ्या, ताई. त्यात खरं किती आणि धंदा किती, ते मला विचारा. मला गुंडाळायला निघालाय.
फक्त प्लेट बदलायची. निर्णय झाला.

८ तारीख, रविवार
घाई करायची नाही. चार ठिकाणी भाव काढायचा.
तोपर्यंत गाडी जपून वापरतो आहे. दुकानाचा चढाचा रस्ता सोडला. आता नाल्याकडून, बाजारामागून आणि शाळेला वळसा घालून जातो. तीन किलोमीटरचे अकरा होतात, पण चढ एकही नाही. सिग्नल लांबूनच बघून वेग असा ठेवायचा की थांबावंच लागू नये. आज हिला बाजारातून घेतलं तेव्हा गाडी हळू केली होती, थांबवली नव्हती. ही चालत्या गाडीत बसली. म्हणजे बसली शेवटी. चप्पल मागे राहिली. ही दिवसभर बोलली नाही. आता घरात दोघी बोलत नाहीत.

१२ तारीख, गुरुवार
प्लेट आणली. ओळखीने, स्वस्तात. पार्टवाला म्हणाला, काका, सेट घ्या ना. सगळ्यांचं एकमेकांशी संगनमत आहे.
गाडी गॅरेजला लावली. मिस्त्रीने कागदावर लिहिलं, बेअरिंग आणि प्रेशर प्लेट जुनीच ठेवली, मालकाच्या सांगण्यावरून. खाली माझी सही घेतली. कोर्टात जायचं असल्यासारखी. मी ऐटीत सही केली.

१४ तारीख, शनिवार
गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मुद्दाम हजर राहिलो. जुनी प्लेट बघितली. झिजून रिबिटं वर आलीत, कागदासारखी झाली आहे. कंपनीने तेव्हाच पातळ दिली असणार.
मग बेअरिंग मागून घेतलं. क्लच दाबला की हेच फिरतं, एवढंच याचं काम. कानाला लावून बोटाने फिरवलं. एकदम शांत. मिस्त्री म्हणाला, शेठ, बोटाने फिरवलं की सगळीच शांत असतात, गाडीत ते मिनिटाला हजारदा फिरतं. मी म्हणालो, माझ्या कानाला शिकवू नका. परत बसवा.

१६ तारीख, सोमवार
गाडी आली! टाकीचा चढ तिसऱ्या गिअरवर चढली. सायकलवाला दिसला नाही, नाहीतर थांबून बोललो असतो त्याच्याशी.
घरी येऊन सांगितलं की दोघांनी मिळून लुटायचं ठरवलं होतं, पण मी लुटला गेलो नाही. ही म्हणाली, बरं. मुलगी खोकी बांधत होती, तिने चिकटपट्टी मागितली. मागितली म्हणजे माझ्याशी बोलली.

१८ तारीख, बुधवार
क्लच दाबला की बारीक चीं असा आवाज येतो. ही म्हणाली, काहीतरी ओरडतंय. मी म्हणालो, पक्षी. ही म्हणाली, गाडीच्या आत? मी रेडिओ लावला.
कान तीक्ष्ण असण्याचा एक तोटा आहे. संध्याकाळी स्वयंपाकघरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू आलं. मुलगी म्हणत होती, आई, मी बसनेच जाते, सहा तास रस्ता आणि मायलेज ऐकण्यापेक्षा ते परवडलं. ही म्हणाली, अगं, आठ दिवस न्हाणीघरात एकटेच काहीतरी पुटपुटत असतात, काहीतरी बोलायचं असेल त्यांना. मुलगी हसली. मग हसू थांबवून म्हणाली, एक शब्द बोलले ना, चुकलो एवढाच, तरी मी सगळं विसरून जाईन गं.
मी पेपर जोरात उलटला. दोघी गप्प झाल्या.
एक शब्द म्हणते. माझ्याकडे चार मुद्दे आहेत.

१९ तारीख, गुरुवार
चार मुद्दे जास्त होतात. दोन कमी केले. उरलेल्या दोनांत पहिला परिस्थितीबद्दल आहे, तोही नको बहुतेक.
चीं आता चीईईं झालं आहे. गॅरेजसमोरून रेडिओ लावून जात होतो, तरी मिस्त्री हातातला पाना टाकून रस्त्यावर आला. म्हणाला, शेठ, बेअरिंग जायला आलंय, हे घेऊन घाटात जाऊ नका. उद्या सकाळी आणा, पोरीला चार दिवस उशिरा सोडा नाहीतर बसने जाऊ द्या. पुन्हा गिअरबॉक्स? पुन्हा मजुरी? मी म्हणालो, नवीन प्लेट आहे, जागा धरते आहे, आवाज करणारच.
त्याने पाना उचलला आणि आत गेला. मला जास्त बोलणारी माणसं परवडतात.

२० तारीख, शुक्रवार
ठराव: उद्या क्लच कमीत कमी दाबायचा. गिअर कमी बदलायचे. पाय टेकवायचा नाही. (टेकवत नाहीच.)
सामान भरलं. दोन बॅगा, तीन खोकी, गादी, टेबल-लॅम्प. मुलीने विचारलं, बाबा, गाडी नीट आहे ना? मी म्हणालो, एकदम. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? सोमवारी हजर व्हायचं आहे तिला. मी म्हणालो, तुझा बाप मशीनवाला आहे.
मुद्दा एकच ठेवला आहे. एकाच शब्दाचा. तोंडात बसावा म्हणून आरशासमोर म्हणून बघितला. जरा अडतो.

२१ तारीख, शनिवार. सकाळी ६:२०
निघतोय. ही फाटकापर्यंत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, बोला हं. मी मान डोलावली.

तीच तारीख, दुपारी
घाटाच्या अलीकडे, पहिल्याच चढाला, पत्रा कापावा तसा आवाज आला आणि पेडल एकदम खाली जाऊन बसलं. गिअर पडेना. गाडी कडेला घेतली. घेतली म्हणजे ती गेली.
मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, माणूस पाठवतो ओढून आणायला, दोन तास लागतील. जास्त काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
मुलीने आरडाओरडा केला नाही. दगडावर बसून तिने मोबाईलवर बसच्या वेळा बघितल्या, मग रस्त्यावर उभी राहून हात दाखवायला लागली. पन्नास मिनिटं आम्ही तिथे होतो. दोघंच. मी तिला समजावलं की दोष प्लेटचा नाही, बेअरिंगचा आहे, आणि बेअरिंग कानाला लावून बघितलं तेव्हा शांत होतं. रस्त्यावर अंथरून दाखवावं तसं सगळं समजावलं. ती हं हं करत होती. तो शब्द दोनदा ओठांपर्यंत आला. पण आम्ही गाडीत नव्हतो. समोरासमोर होतो.
शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेणारा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाला त्याच बाजूला जाणार होता, सोबत त्याची बायको होती. म्हणाला, बस ताई, गादी खुर्च्यांवर टाकू. सामान हलवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. टेबल-लॅम्प मी दिला हातात. तिने तिची पाण्याची बाटली मला दिली, तुम्हाला थांबावं लागेल म्हणून. टेम्पोवाला हॉर्न देत होता. तिने विचारलं, बाबा, काही म्हणत होतात का? मी म्हणालो, वायर गुंडाळून ठेव, पायात येते.

२२ तारीख, रविवार
एका अर्थी बरंच झालं. भर घाटात झालं असतं तर?
हिला हे सांगितलं. ही इस्त्री करत होती, करत राहिली.
मुलगी सुखरूप पोहोचली. फोन हिच्याच मोबाईलवर आला.

२३ तारीख, सोमवार
आज तिचा पहिला दिवस. दुकानात एका बाईला सवयीने म्हणालो, उघडलंच आहे तर पट्टाही बदलून घ्या. ती म्हणाली, नको, फक्त सुई बदला. मी तिच्याशी बराच वेळ वाद घातला. कधी नाही ते हातच जोडले. बाई घाबरून पट्टा न बदलताच गेली.

२७ तारीख, शुक्रवार
गाडी आली. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स, दुसऱ्यांदा मजुरी, आणि ओढून आणायचे वेगळे. तिन्ही वस्तू नवीन. मिस्त्रीने सही मागितली नाही.
संध्याकाळी हिने फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः भाजी निवडत बसली. निवडलेलीच भाजी. मुलगी नुकतीच खोलीवर आली होती. काम बरं आहे म्हणाली, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात म्हणाली. रडतबिडत नव्हती. मग तिने विचारलं, गाडीचं काय झालं?
मी सांगितलं. पेडल किती हलकं झालंय, टाकीचा चढ कशी चढते, नवीन प्रेशर प्लेट कुठून मागवली. पाच-सहा मिनिटं सांगितलं. छान झालं म्हणाली. तिच्या खोलीत पंखा चालू होता. एक पातं वाकडं असावं, फिरताना टक टक करत होतं.
तिने विचारलं, आणखी काही, बाबा?
मी म्हणालो, बेअरिंगसुद्धा नवीन घातलंय.
बरं म्हणाली. काळजी घ्या म्हणाली.
फोन ठेवल्यावर हिने विचारलं, बोललात? मी म्हणालो, बोललो. ही भाजीचं ताट उचलून आत गेली.